कोशियुस्कोच्या पठारावर एकट्याची रात्र

ऑस्ट्रेलियात आजवर नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान आहे उणे 23 अंश सेल्सिअस. 29 जून 1994 ची ही नोंद न्यू साउथ वेल्स राज्यातल्या स्नोई माउंटन्स या पर्वतभागात, चार्लट पास इथे झाली. या खिंडीतून नऊ किलोमीटर चालत गेलं की ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचं सर्वांत उंच शिखर येतं, 2228 मीटरचं कोशियुस्को. कोणालाही वाटेल की थंडीचा विक्रम या शिखराच्या आसपास, उंच उघड्या धारेवर व्हायला हवा होता. तो झाला शिखराच्या कितीतरी खाली, खिंडीलगतच्या खोलगट भागात.

याचं कारण ज्याला डोंगरात तंबू ठोकायचा आहे त्याने आधी समजून घ्यावं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि झपाट्याने गार होते. तिला टेकलेली हवाही गार होते, गार झाली की जड होते आणि उतारावरून ओघळत दरीच्या तळाशी जाऊन साचते. वरची हवा तुलनेने उबदार राहते. उंची वाढली की गारवा वाढतो, दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी, हे आपण शाळेत शिकतो. पण शांत रात्री दरीत हा हिशेब उलटा होतो. स्नोई माउंटन्समध्ये हा उलटा हिशेब झाडांनीच मांडून ठेवला आहे. तिथे स्नो गम नावाचा निलगिरीचा एक प्रकार वाढतो. पांढरट, रंगीत पट्ट्यांच्या खोडाचं, वाऱ्याने पिळवटलेलं हे झाड साधारण 1850 मीटरपर्यंत तग धरतं, त्याच्या वर फक्त गवत, झुडपं आणि कातळ. पण याच डोंगरांच्या उत्तर भागात, कियांड्राच्या बाजूला, टेकड्यांवर झाडी आणि खालच्या रुंद दऱ्या मात्र ओसाड गवताळ असं चित्र दिसतं. साचलेल्या गार हवेत कोवळी रोपं जगत नाहीत. म्हणजे तिथे झाडांची एक सीमा वर आहे आणि दुसरी खाली.

या डोंगरांत एकट्याने, एका रात्रीच्या मुक्कामाला जाणं ही ऑस्ट्रेलियातल्या भटक्यांमध्ये रुळलेली गोष्ट आहे. पाठीवर सॅक टाकून रानावनातून पायी फिरण्याला तिथे बुशवॉकिंग म्हणतात. 1914 मध्ये माइल्स डन्फी आणि त्यांच्या मित्रांनी माउंटन ट्रेल्स क्लब काढला, 1927 मध्ये सिडनी बुश वॉकर्स हा क्लब सुरू झाला आणि हा छंद मूठभर लोकांच्या बाहेर गेला. इंग्लंडहून आलेल्या पॅडी पॅलिन यांची मंदीच्या काळात नोकरी गेली, तेव्हा 1930 मध्ये त्यांनी सिडनीत घरीच हलक्या सॅक आणि तंबू शिवायला घेतले. त्यांचं नाव आजही तिथल्या दुकानांवर आहे. जड ओझ्याखाली वाकून चालणाऱ्या माणसाला दुसरं काही सुचत नाही, हे त्यांच्या पिढीने ओळखलं होतं. एकट्याने जायचं तर ते आणखीच खरं ठरतं. चौघांत वाटून घेता येणारा तंबू, शेगडी, भांडी आणि औषधं एकट्याच्याच पाठीवर येतात.

डोंगरातला जुना संकेत आहे की किमान चौघांनी जावं. एक जखमी झाला तर एकाने त्याच्यापाशी थांबावं आणि दोघांनी मदतीसाठी उतरावं. एकटा जाणारा हा संकेत मोडतो. सह्याद्रीत एकट्याने फिरणारे आपल्याकडेही आहेत. तिथे त्यांची मोठी काळजी असते ती पाणी, निसरडा कातळ आणि चुकलेली वाट यांची. हिवाळ्यातली रतनगडावरची किंवा हरिश्चंद्रगडावरची रात्र बोचरी असते, पण भिजलो तरी सहसा जिवावर बेतत नाही. शिवाय पायथ्याला गाव असतं, कोणीतरी मामा चहा टाकतो. चार्लट पास 1837 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या 1646 मीटरच्या कळसूबाईहून उंच, आणि मोटारीने पोचल्यावर चाल तिथून सुरू होते. पुढे ना वस्ती ना चहा. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याला या रांगेपर्यंत अडवणारं काही नाही आणि बर्फ वर्षाच्या कुठल्याही महिन्यात पडू शकतो, अगदी डिसेंबर-जानेवारीच्या तिथल्या उन्हाळ्यातसुद्धा.

एकट्याने जाणाऱ्याला धोका नेमका कुठून येतो? पाय मुरगळण्याला लोक घाबरतात, आणि ते चूक नाही. पण थंड प्रदेशातला खरा धोका वेगळा आहे, आणि तो माणसाला स्वतःला दिसत नाही. शरीराच्या गाभ्याचं तापमान साधारण 37 अंश असतं. ते 35 च्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू झाला असं वैद्यकशास्त्र मानतं. आधी कुडकुडी भरते, मग बोटं ऐकेनाशी होतात: चेन लागत नाही, बंद सुटत नाही. जीभ जड होते, पाय अडखळतात. याच सुमारास विचारशक्तीही मंदावते. माणूस हट्टी होतो, उदास होतो, कंटाळतो. जॅकेट सॅकमध्ये आहे हे ठाऊक असूनही ते काढायचा त्याला आळस येतो. तापमान आणखी उतरलं की कुडकुडणं थांबतं आणि त्याला वाटतं की आता बरं वाटतंय. पार शेवटी काही जण अंगावरचे कपडे उतरवतात, कारण कातडीकडच्या आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल पडून अंगाची आग होते आहे असा भास होतो. बर्फात मृतावस्थेत सापडलेल्या माणसांचे कपडे बाजूला पडलेले असतात, त्यामागचं एक कारण हेच मानलं जातं.

सोबत कोणी असेल तर त्याला हे बाहेरून दिसतं. ‘अरे, तू अडखळतोयस, बस जरा, हे घाल’ एवढं कोणी म्हटलं तरी पुरतं. एकट्याला असं म्हणणारं कोणी नसतं, आणि जिच्यावर भरवसा ठेवायचा ती बुद्धीच थंडीने आधी बधिर झालेली असते. म्हणून माझ्या मते एकट्याच्या थंड मुक्कामाचं सगळं शास्त्र एका गोष्टीभोवती फिरतं: महत्त्वाचे निर्णय अंगात ऊब असताना, पोट भरलेलं असताना, शक्यतो घरी बसून घेऊन ठेवायचे आणि डोंगरात ते फक्त पाळायचे. किती वाजता मागे फिरायचं, वाऱ्याचा वेग किती झाला की तंबू पठारावर न लावता खाली उतरायचं, वाट दिसेनाशी झाली तर काय करायचं, हे सगळं कागदावर लिहून खिशात ठेवलेलं बरं. ऐनवेळी डोकं सबबी शोधतं. कागद शोधत नाही.

चार्लट पासहून कोशियुस्कोकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, शिखराच्या अलीकडे, सीमन्स हट नावाचं एक छोटं दगडी घर आहे. ऑगस्ट 1928 मध्ये लॉरी सीमन आणि इव्हान हेज हे दोन तरुण स्कीवरून शिखराकडे गेले आणि हिमवादळात सापडले. सीमनचा मृतदेह काही आठवड्यांनी मिळाला, हेजचा त्यानंतर बऱ्याच काळाने. सीमनच्या आई-वडिलांनी दिलेल्या पैशांतून 1929 मध्ये हा निवारा उभा राहिला. आजही तो फक्त संकटात सापडलेल्यांसाठी आहे, हौसेने मुक्काम करण्यासाठी नाही, आणि हा नियम मला पूर्णपणे योग्य वाटतो. वादळात धडपडत दारापाशी आलेल्याला आत जागा मिळायलाच हवी. याच डोंगरात ऑगस्ट 1999 मध्ये चार तरुण स्नोबोर्डर वादळात अडकले. त्यांनी बर्फात गुहा खोदून आसरा घेतला होता. शोध लांबला आणि बर्फ वितळू लागल्यावर नोव्हेंबरमध्ये त्यांचे मृतदेह त्या गुहेत मिळाले. चौघं एकत्र होते तरीही. म्हणून जून ते सप्टेंबर या बर्फाच्या महिन्यांत इथे एकट्याने राहण्याचा विचार ज्याने बर्फातलं रीतसर प्रशिक्षण घेतलेलं नाही त्याने करूच नये. पुढचं सगळं मी एप्रिल अखेरीच्या, म्हणजे तिथल्या सरत्या शरदातल्या एका रात्रीबद्दल लिहितो आहे.

तेव्हा दिवस लहान झालेला असतो. साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पारा लगेच घसरू लागतो. त्यामुळे अंधार पडायच्या निदान दीड-दोन तास आधी मुक्कामाच्या जागी पोचायचं असं धरून उलटा हिशेब मांडायचा. चार्लट पासहून निघणारी मेन रेंजची वाट गोल फिरून परत तिथेच येते, एकूण साधारण 22 किलोमीटर. आधी स्नोई नदीपर्यंत उतार, नदी ओलांडली की लांबलचक चढ. ब्लू लेकची बाजू मागे पडते, 2145 मीटरच्या कॅरदर्स पीकवर आलं की पश्चिमेचा कडा समोर येतो आणि जमीन दीड हजार मीटरहून अधिक खोल गीही नदीच्या खोऱ्यात कोसळते. इथे पहिल्यांदा कळतं की वारा म्हणजे काय. हवेचं तापमान शून्य अंश आणि वाऱ्याचा वेग ताशी 40 किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला ते उणे सात अंशांसारखं जाणवतं. उणे पाच अंशांत 50 किलोमीटरचा वारा असेल तर उणे पंधरासारखं. वारा थर्मामीटरमधला पारा उतरवत नाही. शरीराभोवती शरीरानेच तापवलेल्या हवेचा जो पातळ थर असतो तेवढा वारा पळवून नेतो. वारा अडवणारं जॅकेट कितीही पातळ असलं तरी इतकं मोलाचं ठरतं ते यासाठी.

चालताना घाम येऊ द्यायचा नाही, हे आपल्याकडून गेलेल्या माणसाला पटायला वेळ लागतो. सह्याद्रीत घाम हा चढाचा भागच आहे. इथे दुपारी भिजलेला सुती शर्ट संध्याकाळी अंगाला चिकटून गारठवतो. पाणी हवेच्या साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं, आणि सुती धागा पाणी धरून ठेवतो. लोकर किंवा पॉलिस्टर ओलं झालं तरी काही ऊब राखतं. म्हणून चढ सुरू होण्याआधी, थोडं कुडकुडत का होईना, एक थर उतरवायचा आणि थांबलं की लगेच परत चढवायचा. रात्री झोपताना घालायचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवायचा आणि काहीही झालं तरी दिवसा त्याला हात लावायचा नाही. हा नियम मोडण्याचा मोह भिजलेल्या दुपारी होतोच.

धुकं हे इथलं आणखी एक संकट. मेन रेंजवरची वाट आखलेली आहे, पण ताजा बर्फ पडला की तीही दिसेनाशी होते. तेव्हा नकाशा आणि होकायंत्राशिवाय इलाज नाही. आपल्याकडे होकायंत्राची सुई आणि खरी उत्तर यांत जवळजवळ फरक नसतो, त्यामुळे तो फरक धरायची सवयच आपल्याला लागत नाही. कोशियुस्कोच्या भागात सुई खऱ्या उत्तरेपासून सुमारे 12 अंश पूर्वेकडे कललेली असते. ते विसरून धुक्यात एक किलोमीटर चाललात तर ठरल्या जागेपासून दोनशे मीटर बाजूला निघाल, आणि कड्यापाशी दोनशे मीटर म्हणजे फार झाले. दुसरी सवय सूर्याची. तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, त्यामुळे सावलीचे, गार, बर्फ टिकवून धरणारे उतार दक्षिणेकडचे. दिशेचा अंदाज सूर्यावरून बांधणाऱ्याने हे आधीच मनाशी घोकून ठेवावं.

आता मुक्काम. ब्लू लेक, क्लब लेक, आल्बिना, कूटापटांबा आणि हेडली टार्न ही पाच हिमनदीने कोरलेली सरोवरं आहेत, आणि त्यांच्या पाणलोटात तंबू लावायला मनाई आहे. उघड्या पठारावर शेकोटीही चालत नाही. उंचावरची झाडोऱ्याची कातडी इथे फार पातळ आहे. गुरांच्या चराईने कॅरदर्स पीकच्या आसपासची माती वाहून गेली होती. चराई बंद होऊन कित्येक दशकं झाली, तरी तो डोंगर पुन्हा झाकून घेण्यासाठी माणसांना वर्षानुवर्षं राबावं लागलं. वाऱ्याच्या तोंडावर जमिनीला चिकटून सरपटत वाढणाऱ्या इवल्या झुडपांवर एक रात्र तंबू पडला तरी खूण उमटते. म्हणून गवताळ जागा शोधायची, पाण्यापासून दूर राहायचं आणि आपली घाणही पिशवीत भरून परत न्यायची.

म्यूलर्स पास ओलांडून कोशियुस्को आणि टाउनसेंड या दोन शिखरांमधल्या विल्किन्सन्स ओढ्याच्या खोऱ्यात अनेक जण मुक्काम करतात. टाउनसेंड 2209 मीटरचं, उंचीत दुसरं. इथे पाणी आहे, कातळांचा आडोसा आहे आणि हे खोरं त्या पाच सरोवरांच्या पाणलोटात येत नाही. पण सुरुवातीला सांगितलेला उलटा हिशेब इथे कामाला येतो. ओढ्याकाठचं सपाट गवत सर्वांत लोभस दिसतं आणि रात्री सर्वांत गार पडतं. तिथून वीस-तीस मीटर चढून, वाऱ्याच्या आड असलेल्या एखाद्या कातळाजवळ तंबू लावला तर रात्र कितीतरी सुसह्य होते. ओलही कमी साचते. श्वासातली वाफ तंबूच्या आतल्या बाजूला थिजते आणि हलकासा धक्का लागला की चेहऱ्यावर बर्फाचा चुरा पडतो. तंबूची झडप थोडी उघडी ठेवली तर हे कमी होतं. ऊब राहावी म्हणून सगळं गच्च बंद करणारा माणूस सकाळी ओल्या स्लीपिंग बॅगेत जागा होतो.

झोपण्याच्या साहित्यात लोक स्लीपिंग बॅगेवर भरपूर पैसे घालतात आणि खाली अंथरायच्या मॅटकडे दुर्लक्ष करतात. माझ्या मते हे अगदी उलट हवं. बॅगेतली पिसं फुगलेली असतात तोवर त्यांच्यात अडकलेली हवा ऊब धरते. अंगाखाली ती चेपली जातात आणि तिथे बॅग जवळपास निरुपयोगी होते. जमिनीकडे जाणारी उष्णता फक्त मॅट अडवते. हा अडथळा मोजायला आर-व्हॅल्यू नावाचा आकडा असतो. सह्याद्रीत वापरतो ती साधी कॅरीमॅट दोनच्या आसपास किंवा त्याहून खाली असते. शून्याखालच्या रात्रीला चार किंवा अधिक हवा. हवा भरायची मॅट घेतली तरी तिच्याखाली फोमची एक पातळ मॅट ठेवावी, कारण दोन्हींचे आकडे बेरजेत धरता येतात आणि वरची फुटली तरी रात्र निभावते. एकट्याला हा दुसरा मुद्दा विसरून चालणार नाही. दुसऱ्याच्या मॅटवर अंग टेकवायची सोय त्याला नसते.

स्लीपिंग बॅगेवरच्या तापमानांच्या आकड्यांबाबतही गैरसमज आहेत. युरोपात ठरलेल्या आणि आता आंतरराष्ट्रीय झालेल्या चाचणीत तीन आकडे मिळतात. पहिला आरामाचा, म्हणजे सरासरी स्त्रीला त्या तापमानात अंग सैल सोडून झोपता येईल असा. दुसरा मर्यादेचा, सरासरी पुरुष अंग मुडपून कशीबशी झोप काढेल असा. तिसरा टोकाचा, जिथे जीव वाचेल पण हायपोथर्मियाची भीती राहील. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत कधी दुसरा तर कधी तिसरा आकडा छापलेला दिसतो. विकत घेताना पहिलाच बघावा, आणि तोही अपेक्षित तापमानापेक्षा पाचेक अंश खालचा. दिवसभर चालून थकलेलं, कमी जेवलेलं शरीर प्रयोगशाळेतल्या पुतळ्याइतकी ऊब निर्माण करत नाही. बॅग स्वतः तापत नाही. आत जाणाऱ्याने आणलेली ऊब ती फक्त राखते. त्यामुळे आत शिरण्याआधी गरम जेवावं, तंबूभोवती दोन फेऱ्या माराव्या, लघवीला जाऊन यावं, आणि मग कोरडे कपडे घालून चेन लावावी. स्निग्ध पदार्थ हळू पचतात आणि बराच वेळ ऊब देत राहतात. मी उशाशी शेंगदाण्याची चिक्की ठेवतो आणि मध्यरात्री जाग आली की एक तुकडा खातो. घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घालून मांड्यांमध्ये धरली तर पहाटेपर्यंत पुरते, आणि सकाळी प्यायला न गोठलेलं पाणीही मिळतं.

गॅसची शेगडी थंडीत का रुसते यामागे साधं रसायनशास्त्र आहे. साध्या ब्यूटेनचा उत्कलनबिंदू उणे 0.5 अंश आहे. त्याखाली तो द्रवच राहतो, वायू होऊन वर येत नाही. आयसोब्यूटेनचा उणे 11.7, प्रोपेनचा उणे 42. शिवाय वायू बाहेर पडताना डबा स्वतःच गार होत जातो. म्हणून थंडीसाठी आयसोब्यूटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असलेला डबा घ्यायचा, आणि स्वयंपाकाआधी थोडा वेळ तो जॅकेटच्या आत धरायचा. या उंचीवर पाणी साधारण 93 ते 94 अंशांना उकळतं, त्यामुळे डाळ शिजवायच्या भानगडीत पडू नये. गरम पाणी ओतून फुगणारं अन्न बरं. शेगडी तंबूच्या आत मात्र कधीच पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि डोकं दुखायला लागलं तर ते थकव्याने असेल असंच थकलेल्या माणसाला वाटतं.

काही वस्तूंना माणसासारखीच थंडी बाधते. मोबाइलची आणि हेड टॉर्चची बॅटरी गारठली की तिची शक्ती उतरते, म्हणून ती बॅगेत अंगाजवळ ठेवायची. पोकळ धाग्यांचा पाण्याचा फिल्टर एकदा वापरल्यावर गोठला तर आतले धागे फाटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. तोही अंगाजवळच. पाण्याच्या बाटल्या उलट्या ठेवाव्या. बर्फ वरून खाली धरत जातो, त्यामुळे तोंडाशी पाणी मोकळं राहतं.

मग रात्र. ती तिथे बारा तासांहून लांब असते, आणि एकट्याला ती अंधारापेक्षा आवाजांनी मोठी वाटते. तंबूचं कापड फडफडतं, दगडावरून खडा घरंगळतो. या डोंगरांत माणसाला खाणारं जनावर नाही. पण पहिल्या रात्री हे पटत नाही. कातळांच्या भेगांत त्या वेळी माउंटन पिग्मी पॉसम हा उंदराएवढा प्राणी दीर्घ निद्रेच्या तयारीत असतो. तो 1895 पासून फक्त जीवाश्मांतून माहीत होता. 1966 मध्ये व्हिक्टोरियातल्या माउंट हॉथम इथल्या एका स्की लॉजमध्ये तो जिवंत सापडला. हिवाळ्यात बर्फाचा जाड थर त्याच्या दगडी घरावर पांघरुणासारखा पडतो आणि खालचं तापमान फार उतरू देत नाही. बर्फ उशिरा पडला किंवा लवकर वितळला तर तो गारठतो. तापणाऱ्या हवामानात थंडीने मरण्याची भीती वाढलेला हा प्राणी मला सर्वांत चटका लावून जातो. वसंतात जाग आल्यावर त्याचं मुख्य अन्न असतात बोगाँग पतंग. हे मैदानांतून हजारेक किलोमीटरपर्यंत उडत येतात आणि या शिखरांवरच्या गार भेगांत उन्हाळा काढतात. या पतंगांसाठी नगारिगो आणि आसपासचे आदिवासी समाज उन्हाळ्यात डोंगरावर जमत, भाजलेले पतंग खात. हे पतंग दिशा कशी ठेवतात यावर बरंच संशोधन झालं आहे आणि 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं की ते ताऱ्यांच्या आधारानेही वाट काढतात. 2017 नंतर त्यांची संख्या एकदम कोसळली, आणि त्या वसंतांत पॉसमची पिल्लंही उपाशी मेली.

ते तारे पाहण्यासाठी तंबूबाहेर यावंच, पाच मिनिटं का होईना. महाराष्ट्रातून दक्षिण क्षितिजालगत दिसणारा अगस्त्य तिथे आकाशात चांगला वर असतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दक्षिणेला थोडाच वेळ डोकावणारा त्रिशंकू तिथे उंच चढलेला दिसतो, ध्रुवतारा मात्र दिसतच नाही.

संकट आलंच तर काय? मोबाइलला या पट्ट्यात भरवशाची रेंज नाही. म्हणून पीएलबी, म्हणजे 406 मेगाहर्ट्झवर संकटाचा संदेश उपग्रहांना देणारं, मुठीत मावणारं यंत्र सोबत हवं. तो संदेश कॅनबेरातल्या बचाव समन्वय केंद्राला पोचतो आणि तिथून शोध सुरू होतो. न्यू साउथ वेल्सच्या राष्ट्रीय उद्यान विभागाकडून ते भटक्यांना फुकट वापरायला मिळतं, त्यामुळे ते न नेण्याला काही सबब उरत नाही. ते सॅकच्या तळाशी नव्हे, अंगावरच्या खिशात हवं, कारण घसरून पडलेल्या माणसाची सॅक कधीकधी त्याच्याआधी दरीत जाते. बटण दाबलं तरी मदत यायला तास लागू शकतात, आणि वादळात हेलिकॉप्टर उडत नाही. तेवढा वेळ तग धरता येईल अशी तयारी पाठीवर असलीच पाहिजे.

निघण्याआधी कोणाला तरी सगळं लेखी सांगून जायचं असतं: कुठून निघणार, कुठल्या वाटेने, मुक्काम कुठे, तंबूचा रंग कोणता, परत कधी, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर पोलिसांना कळवायचं. उद्यानाच्या कार्यालयाकडे आणि इंटरनेटवरही यासाठी अर्ज भरता येतो. यातली शेवटची वेळ सर्वांत काळजीपूर्वक ठरवावी. फार लवकरची ठेवली तर साध्या उशिरानेही बचाव पथक निघतं, फार उशिराची ठेवली तर खरोखर पडलेल्याची एक जादा रात्र बाहेर जाते. सकाळी थिजलेल्या तंबूवरचा बर्फ झटकून, कोशियुस्कोचा माथा गाठून, रॉसन पास आणि सीमन्स हटवरून माणूस दुपारी चार्लट पासला उतरतो तेव्हा पायांत गोळे आलेले असतात आणि गरम चहाखेरीज काही सुचत नसतं. तरी आधी फोन लागेल अशा जागी जायचं आणि पोचल्याचं सांगायचं. हे राहून गेलं तर ठरल्या वेळी शोध सुरू होतो, आणि त्या थंड रात्री दुसऱ्या कोणाची तरी पावलं त्याच्यासाठी पठारावर निघतात.